वॉर्ड सेव्हनची नोरा

मंडळी, शुक्रवारची सुट्टी सोडून तुम्ही सगळे इथे सालमियात आलात. कोणी सबाह अल-सालेमहून बस बदलत आलं आहे, कोणी थेट ड्युटीवरून. आपल्या मंडळाच्या जोशीकाकांनी मला सांगितलं, "शुभदा, तू बोल, तू तिच्याबरोबर गायलीस." काका, गाणं सोपं होतं हो. तेव्हा ती शेजारी उभी असायची. आज एकटीने उभं राहायचं आहे. सांभाळून घ्या.

पहिल्या रांगेत आमच्याबरोबर गाणारी आयलीन बसली आहे. तिला म्हटलं, मी मराठीत बोलणार, तुला काही कळायचं नाही. ती म्हणाली, "बोल गं. कुठे रडायचं आणि कुठे हसायचं ते तुझ्या आवाजावरून कळेल मला." तर आयलीन, आज हसायच्या जागा जास्त आहेत.

आपली नोरा गेली. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, तिच्या स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरात गेली. तुमच्यातल्या पुष्कळांना ती गणपतीत येणारी उंच, लाल केसांची बाई म्हणून ठाऊक आहे. काहींना नर्स म्हणून. पण ती कोण होती ते नीट सांगायला हवं. नोरा एका आयरिश गाण्याच्या ग्रुपची मुख्य गायिका होती. तो ग्रुप जन्मला आयर्लंडपासून कितीतरी दूर. या कुवेतमध्ये, नर्सेसच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात.

मी इथे आले तेव्हा आखाती युद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. देवगडची मुलगी, पहिल्यांदा विमानात बसलेली. नोरा माझ्या वॉर्डची सीनियर. ती, आयलीन आणि ब्रायडी, तिघी आयरिश. संध्याकाळी युनिफॉर्मला इस्त्री करता करता गायच्या. आणि तिघी तीन वेगळ्या सुरांत! मला वाटलं, एकीचं दुसरीशी पटत नाही वाटतं. पण ऐकावंसं वाटायचं. एकदा कांदा चिरता चिरता मी नकळत खालच्या सुरात हूं हूं करायला लागले. नोराने इस्त्री उभी केली.

"कोण गायलं ते?"

"सॉरी सिस्टर," मी म्हटलं.

"सॉरी नको. परत म्हण."

मंडळी, माझा आवाज घोगरा. भजनाला बसले की आई कोपर मारायची, हळू म्हण म्हणायची. जन्मभर मला सांगितलेलं, सुरात सूर मिळव. आणि ही बाई म्हणते, "माझ्या सुरात सूर मिळवू नकोस. तुझा तू धर. मला सोडूही नकोस, मला चिकटूही नकोस." वर नोरा, मध्ये आयलीन आणि ब्रायडी, तळाशी मी. पहिल्यांदा जमलं ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. चार बायका गात होत्या आणि खोलीत पाचवंच काहीतरी वाजत होतं.

आमचे हे, सुरेश, शुवैखच्या गॅरेजमधून मला न्यायला यायचे. दाराशी उभे राहून ऐकायचे. एकदा न राहवून म्हणाले, "गो, तुमी चौगी चार वाटेन जातास, नि एकाच जाग्यार कशी काय पोचतास?" मी ते नोराला इंग्रजीत सांगितलं. ती इतकी हसली! म्हणाली, "याच्यापेक्षा चांगलं मला कधी कोणी समजावलं नाही."

वॉर्ड नंबर सात, म्हणून ग्रुपचं नाव वॉर्ड सेव्हन. आधी आयरिश मंडळींच्या मार्चमधल्या सणाला गायलो. मग इथल्या हॉटेलांत, मग बहरीन, दुबई. आणि नोराने ते गाणं लिहिलं. मुलगी परदेशातून फोन करते आणि आईला सांगते, मी जेवले. जेवलेली नसते. एवढंच गाणं. पण सांगा मला, या खोलीत असं कोण आहे ज्याने कोपऱ्यावरच्या बकाल्याच्या दुकानातून फोनकार्ड घेऊन हे वाक्य घरी सांगितलं नाही? नोरा म्हणायची, "ही आयर्लंडची गोष्ट आहे." मी म्हणायचे, "छे, ही कोकणची आहे."

त्याची कॅसेट आयलीनच्या भावाने तिकडच्या रेडिओवर दिली. ती वाजली. परत वाजली. लोक फोन करून मागायला लागले. आणि डब्लिनहून एका रेकॉर्ड कंपनीचं बोलावणं आलं. आम्ही चौघी रजा टाकून गेलो. माझ्याकडे थंडीचा कोट नव्हता, ब्रायडीने तिचा दिला.

तिथला साहेब गोड बोलला. आवाज अप्रतिम आहेत म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आयरिश ग्रुप म्हणून विकायचं आहे. फोटोत तिघी बऱ्या दिसतील. हिचा आवाज आपण ठेवू. स्टेजवर टेपवरून वाजवू."

कळलं ना? आवाज हवा होता. बाई नको होती.

मी खरं सांगते, मी नोराला म्हटलं, "हो म्हण. मला नोकरी आहे, नवरा आहे. तुमचं आयुष्यभराचं स्वप्न आहे, घे ते." नोरा खुर्चीवरून उठली. साहेबाला म्हणाली, "मी वरचा सूर लावते तेव्हा हिच्या आवाजावर उभी असते. जमीन घरी ठेवून कोणी उभं राहतं का?" साहेब म्हणाला, "पण बाई, ग्रुप आयरिश म्हणता ना?" तेव्हा ती म्हणाली, "आम्ही आयरिश. ही आमच्यातली. झाला की आयरिश."

आणि आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर. पावसात.

सगळं गोड झालं असं नाही हं. ब्रायडी चिडली. लहानपणापासून तिला हेच हवं होतं. बसमध्ये रडली, नोराशी भांडली. "तू आम्हाला विचारलंस तरी का?" म्हणाली. खरंच विचारलं नव्हतं. कुवेतला परतल्यावर कितीतरी दिवस ब्रायडी तालमीला आली नाही. मी तिचा कोट परत द्यायला गेले. ती दारात उभी. म्हणाली, "ठेव. परत जावं लागेल ना तिकडे. तेव्हा काय घालशील?" एवढं बोलली आणि चपला घालून माझ्याबरोबर निघाली.

कारण गाणं थांबलं नव्हतं! कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती, पण तिकडे रेडिओवर ते वाजतच होतं. ज्यांची मुलं परदेशी आहेत अशा आया ते मागत होत्या. गावोगावच्या लोकांनी थेट नोराला बोलावणी धाडली. आमच्या गावच्या हॉलमध्ये या, शाळेत या. दर वर्षी सगळ्या नर्सेस रजेवर घरी जायच्या, आम्ही दौऱ्यावर जायचो. आणि परत येऊन वॉर्डात सलाईन लावायचो.

माझ्या ऋतुजाने इथल्या शाळेत सांगितलं, "माय मॉम इज इन अॅन आयरिश बँड." टीचरला वाटलं, पोर थापा मारते. ऋतुजा रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी नोरा आम्हा तिघींना घेऊन, ड्युटीच्या युनिफॉर्ममध्ये, शाळेच्या असेंब्लीत हजर! गायलो आम्ही. टीचरने ऋतुजाला सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं. ही नोरा.

आणि जोशीकाका, तुम्ही हसताय, पण मी सांगणार. पहिल्या वर्षी गणपतीत नोराने आरतीला वेगळा सूर लावला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई बेसूर आहेत." दुसऱ्या वर्षी तुम्हीच म्हणालात, "थांबा, नोराबाई आल्याशिवाय आरती सुरू करू नका."

मग ती संध्याकाळ आली. डब्लिनचं मोठं थिएटर. बाहेर पोस्टर, त्यावर चार चेहरे, आणि माझ्या कपाळावर टिकली स्पष्ट दिसत होती. तिकिटं संपलेली. सुरेश विंगेत उभे, नवा सूट घालून, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. आम्ही ते गाणं संपवलं. मग सगळं थिएटर उभं राहिलं. सगळं. नोराने माझा हात धरून वर केला. आधी माझा. तो कंपनीवाला आला होता की नाही, मला माहीत नाही. बघायला कोणी गेलंच नाही.

वर्षं गेली. ब्रायडी लग्न करून परतली, नोराही निवृत्त होऊन गावी गेली. मग आजार. गेल्या आठवड्यात आयलीन आणि मी तिला पोचवायला गेलो. तिकडे ब्रायडी होतीच. चर्चमध्ये फादर म्हणाले, तिचं गाणं म्हणा. आम्ही तिघी पुढे जाऊन उभ्या राहिलो. मुख्य चाल नोराची. ती कोण घेणार? आयलीन नाही म्हणाली. ब्रायडी नाही म्हणाली. मी तर नाहीच. शेवटी ठरवलं, आपण आपापलंच गायचं. तिची जागा मोकळी सोडायची.

सुरू केलं. मधले दोन सूर, तळाचा एक. वर काहीच नाही. फार उघडं वाटत होतं हो.

आणि मागच्या बाकावरून एका म्हातारीने चाल उचलली. मग तिच्या शेजारच्याने. मग कोळी, दुकानदार, पोस्टमन, शाळेतली पोरं. अख्खं गाव नोराच्या सुरात गायला लागलं. कोणाला शिकवावं लागलं नाही. त्यांना सगळे शब्द येत होते. मंडळी, चर्चच्या काचा थरथरत होत्या. मी तळाचा सूर धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, बघ नोरा, बघ. कंपनीने नाही केलं, तू केलंस. माणसं जिंकलीस तू. एकेक करून सगळी जिंकलीस.

अशा बाईला मी बिचारी म्हणणार नाही. कोणी म्हणू नका.

आता आपण उभे राहू या. लहान मुलं बडबडली तर दटावू नका, तिला ते चालायचं. आपण मोठे मात्र थोडा वेळ गप्प राहू.

नोरा, भरपूर गायलीस. आम्हालाही गायला लावलंस. तुला कुवेतच्या आपल्या माणसांचा नमस्कार.