चुकले तर चुकली म्हण

हॅलो?… हॅलो, अक्का?… हो गं, विजीच बोलतेय… आवाजाला काही झालेलं नाही, तोंडात इडली आहे… दवाखान्याचीच. सांबार म्हणजे नुसतं कोमट पाणी… बरं आता ऐक. बसलीस का?… आधी बस. उभ्यानं ऐकायची गोष्ट नाही ही.

नाही, नाही, तारीख तीच. गुरुवारी सकाळी… हो, डोक्याचीच शस्त्रक्रिया, मग काय गुडघ्याची?… अगं ऐक ना! तुला उद्या पापनाशमहून इकडे यायचंय. आणि गुरुवारी माझ्याबरोबर आत बसायचंय… आत म्हणजे आत. ऑपरेशन थिएटरमध्ये.

हॅलो?… अक्का?… हं, वाटलं फोन पडला.

सगळं सांगते. डॉक्टरांनी काल कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ आहे लिंबाएवढी, डाव्या बाजूला. आपलं बोलणं जिथं राहतं ना मेंदूत, त्याच्या अगदी शेजारी. म्हणून मला मधेच जागं करणार… जागं! आणि बोलायला लावणार… नाही दुखत. मेंदूला स्वतःला दुखणं कळतच नाही म्हणे, वरची कातडी तेवढी बधिर करतात… मलाही आधी खरं वाटलं नाही. ते बारीक विजेची तार एकेका जागी लावतात, मी चित्रं बघून नावं सांगायची. जिथं तार लावली आणि माझी वाचा अडली, ती जागा सोडून द्यायची. तिथली गाठ राहिली तरी चालेल, पण हात लावायचा नाही. कळलं?… शाब्बास. मला दोनदा समजवावं लागलं होतं.

आता घोळ ऐक. नंदितानं आईचा फॉर्म भरला. मातृभाषा काय? तर लिहिलं, तमिळ… तिला कशाला बोलतेस? घरात मराठी बोलत असलो तरी शाळेपासून आपण सगळ्यांनी तेच लिहिलंय. तू रेशनकार्डाच्या वेळी काय सांगितलंस?… हां, मग! तर सगळी तयारी तमिळमध्ये. काल डॉक्टरांनी सहज विचारलं, अम्मा, राग आला की कुठल्या भाषेत ओरडता? मी म्हटलं, मराठीत. त्यांनी फॉर्म परत काढला. म्हणाले, ती भाषाही तपासायला हवी. दोन्ही भाषा एकाच जागी असतील असं नाही. एक वाचली म्हणून दुसरी वाचेलच असं नाही.

मग शोधाशोध. इथंच पुण्याची एक मुलगी कामाला आहे, गुणी पोर आहे, तिला आणली. तिनं झोपाळ्याचं चित्र दाखवलं, मी म्हटलं ऊंजल, आपण घरी मराठीत म्हणतो तसं. लावली चूक! तांब्या दाखवला, मी म्हटलं सोंबू. पुन्हा चूक! पंचवीसांत नऊ चुका, अक्का. ती बिचारी घाबरी झाली, तिला वाटलं गाठीनं माझी भाषा खाल्ली… हसतेस काय! मीही हसले म्हणा. पण डॉक्टर नाही हसले. म्हणाले, तुमच्या घरातलंच माणूस पाहिजे.

नंदिता?… तिला समजतं सगळं. पण उत्तर कायम तमिळमध्ये. विचारलं तिला, आई चुकली तर कळेल का? ती काल रडली गं. म्हणाली, मला नाही कळणार. आणि हे जाऊन चार वर्षं झाली. मग राहिलं कोण?

रक्त दिसणार नाही. मध्ये पडदा असतो… हो, माझे कान टोचताना तू चक्कर येऊन पडलीस, माहीत आहे मला, सगळ्या गल्लीला माहीत आहे… उद्या डॉक्टर तुझ्याशी बोलणार आहेत. टोपी, मास्क, सगळं देतात.

काय?… तमिळमध्ये बोलू म्हणतेस? पुढं वेळ आली तर?… सरी, ठीक आहे. बोल. आत्ता बोल माझ्याशी तमिळमध्ये… बोल ना… बघ. बघ, हसायला आलं. कुणा परक्या बाईशी बोलतेय असं वाटतं. अक्का, तमिळ राहिलं तर माझा बाजार होईल, बस पकडता येईल, जगेन मी. पण तुझ्याशी भांडू कशात? मला भीती गाठीची नाही तेवढी ह्याची वाटते.

येतेस?… खरंच?… देव तुझं भलं करो.

थोडा सराव करू या. तू काहीतरी विचार… अं… आईचा, चांदीचा, कुंकू ठेवायचा… हो हो, तो… थांब… सांगू नकोस हं… अय्यो! सांगितलंसच ना? करंडा! हे असं करायचं नाही!

अगं, तू आयुष्यभर हेच केलंस. मास्तरांनी विचारलं की मागून हळूच सांगायचीस. माझ्या सासरी माझी आमटी खारट झाली, तर ‘मीठ मीच टाकलं’ म्हणालीस. गुरुवारी तसं केलंस तर त्यांना वाटेल मला आलं, आणि ते तिथंच कापतील. ऐकतेस ना? मी चुकले तर चुकली म्हण. मोठ्यांदा. ते थांबतील.

विचार दुसरं… हं… दळायचं. हो. दोन दगड, एकावर एक, वर खुंटा. पीठ बाजूनं पडतं… माहीत आहे गं, डोळ्यांपुढं आहे… ते… आई पहाटे बसायची त्याच्यापुढं… ते गोल…

अक्का?… आहेस ना?… सांगू नकोस…

गोल… खुंटा…

नाही येत.

काय?… ऐकू आलं नाही. मोठ्यांदा म्हण… हं.

पुन्हा म्हण, चुकली.

हं… अगं, रडतेस काय, बरोबर बोललीस. अगदी बरोबर. गुरुवारी एवढंच करायचं… ठेवते आता, नर्स आली बीपी बघायला. सकाळी लवकर नीघ… हो. ठेव.