शेजारचा ब्रेक

(बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. मुलगी चालवतेय, शेजारी बाबा, मागे आई. बाबांच्या पायाशी शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक आहे.)

बाबा : म्हणजे तू कळवूनही टाकलंस?

मुलगी : हो, सकाळीच. मुलाखतीला येऊ शकत नाही, आभारी आहे, असं लिहिलं.

बाबा : आभारी आहे! वा! एवढी मोठी विमान कंपनी बोलावतेय, आणि आमच्या बाईसाहेब नुसत्या आभारी आहेत. मग आत्ता शिंप्याकडे कशाला चाललोय आपण? मुलाखतीचा कोट आणायलाच ना?

मुलगी : तेच तर घरातून निघताना सांगत होते. तुम्ही म्हणालात, आधी गाडीत बस.

बाबा : मग गाडीत बसल्यावर सांगायचं!

आई : गाडीत बसल्यावर तुम्ही आरशाबद्दल बोलत होतात.

बाबा : आरसा वाकडा होता म्हणून बोललो. अगं, हळू, हळू!

मुलगी : बाबा, ब्रेक का दाबलात?

बाबा : पुढे टेम्पो आहे.

मुलगी : दिसतोय मला. विमान चालवते मी.

बाबा : चालवतेस कुठे, चालवणाऱ्याच्या शेजारी बसतेस. आणि विमान कसलं ते, डबडं! निम्मी जागा स्ट्रेचरनेच खाल्लेली. पेशंट उचला, पेशंट पोचवा. आता कुठे खऱ्या विमानात बसायची वेळ आली, तर हिचं आपलं भलतंच. कारण काय, कारण? पगार कमी? नाही. तब्येत? ठणठणीत. कुणी मुलगाबिलगा आहे का भानगडीत?

मुलगी : बाबा!

बाबा : विचारतो आपलं. मी सगळीकडे सांगून बसलोय. पेट्रोल पंपवाला परवा विचारत होता, फुकट तिकीट मिळेल का म्हणून. त्याला काय तोंड दाखवू? घ्या, रेल्वेचं फाटकही आत्ताच पडायचं होतं. बंद कर इंजिन.

मुलगी : आता सांगू? मध्ये बोलू नका फक्त.

बाबा : मी कधी मध्ये बोलतो?

आई : हे काय, आत्ता.

मुलगी : गेल्या महिन्यात आम्ही पेशंट घेऊन उतरत होतो. वारा आडवा होता. विमान धावपट्टीच्या मध्यावर राहतच नव्हतं, वेगही जास्त होता. कॅप्टन म्हणत होते, बसेल, बसेल. अशा वेळेसाठी आमच्यात एक नियम आहे. दोघांपैकी कुणीही 'गो अराउंड' म्हटलं, की विमान तसंच परत वर न्यायचं. वाद घालायचा नाही. का म्हणून विचारायचंसुद्धा नाही. ते सगळं नंतर, वर गेल्यावर.

बाबा : चांगला नियम आहे. मग म्हणालीस ना?

मुलगी : नाही.

बाबा : नाही म्हणजे?

मुलगी : शब्द अगदी ओठांवर होते, बाहेर पडले नाहीत. मी कॅप्टनच्या हातांकडे बघत बसले. वाटत होतं, हे करतील काहीतरी. आणि विमान धाडकन आदळलं. पेशंटची बायको किंचाळली. कुणाला काही झालं नाही म्हणून कॅप्टन हसले. मला नाही हसू आलं. अजून येत नाही.

बाबा : अगं, एवढा मुरलेला माणूस तो, त्याला कळत असणारच...

मुलगी : त्यांना नव्हतं कळत, मला कळत होतं! तेच खातंय मला. मोठ्या विमानात मागे दोनशे माणसं असतात, बाबा. तिथेही मी शेजारच्याच्या हातांकडे बघत बसले तर?

बाबा : म्हणून मुलाखतच नको? तोंड दिलंय ना देवाने? उघडायचं! आता माझ्यासमोर धडधडीत नाही म्हणतेयस, ते कसं जमतंय?

मुलगी : गाडी फाटकाला उभी आहे. उभ्या गाडीत कुणीही बोलतं.

बाबा : डोकं फिरवू नकोस माझं. तू काही घाबरट नव्हतीस. हे कुठून शिरलं तुझ्यात?

मुलगी : सांगितलं तर चिडाल.

बाबा : चिडलेलोच आहे. सांगून टाक.

मुलगी : गाडी तुमच्याकडे शिकले ना मी. पुढे काही आलं की माझा पाय हलायच्या आत तुमचा ब्रेक लागलेला असायचा. अजून लागतो, मगाशी नाही का टेम्पोला लागला. शेजारचा दाबेल, ही सवय मला तिथेच लागली. त्या दिवशीही मी वाटच बघत होते, कॅप्टन कधी दाबतायत त्याची.

बाबा : वा! म्हणजे आता माझ्यामुळे! अख्ख्या शहराला गाडी शिकवली मी. माझ्या एका विद्यार्थ्याने कधी कुणाला साधा धक्का लावला नाही.

आई : शिकताना नाही लावला. पुढचं तुम्हाला काय माहीत?

बाबा : तू मध्ये पडू नकोस. तुला तर मी...

आई : तीनदा शिकवलंत. अजून मागेच बसते.

बाबा : उठा, सगळ्या मिळून माझ्या जिवावर उठा! दाबू नको तर काय करू? पोटची पोर शेजारी आणि समोरून ट्रक येतोय. भीती वाटते गं मला. तेव्हाही वाटायची, आजही वाटते. पाय आपोआप जातो.

मुलगी : माहितीये मला. म्हणून तर कधी बोलले नाही.

बाबा : मग आता काय करायचं ठरवलंयस?

मुलगी : जे झालं ते ऑफिसात सांगितलं. आणखी एक वर्ष इथेच, त्याच कॅप्टनच्या शेजारी. तोंड उघडता आलं की मीच अर्ज करीन.

बाबा : तोवर ते काय पायघड्या घालून बसणारेत?

मुलगी : नाही बसणार. कदाचित पुन्हा कधी बोलावणारही नाहीत.

बाबा : आणि तरीही तुझं नाहीच.

मुलगी : नाहीच.

बाबा : धन्य आहे! फाटक उघडलं बघ. चल, आरसा बघ, आधी डावीकडचा... जाऊ दे. घे तुला हवी तशी.

मुलगी : शिंप्याकडे जायचंय का अजून?

आई : जायचं तर. शिवलेला कोट तो काय उसवून ठेवणारे?

मुलगी : बाबा, पायाशी कसली खुडबुड चाललीय?

बाबा : काही नाही. समोर बघ.

आई : अगं, सायकल! सायकल!

मुलगी : बघितली, बघितली! हुश्श... गेला एकदाचा सायकलवाला. बाबा, बरं झालं वेळेवर दाबलात.

बाबा : मी नाही दाबला.

मुलगी : काहीतरीच. मग थांबली कशी गाडी?

बाबा : तू थांबवलीस.

मुलगी : आणि तुमचा पाय?

बाबा : चपला काढून मांडी घालून बसलोय मगाशीच. मागचे हॉर्न वाजवतायत, चल आता.