एकतीस नंबरच्या घराचा ताळा

मुलांनो, पुढे सरका. अजून थोडं. हां! आता डोळे मिटा. मोठ्यांनी नाही मिटले तरी चालेल — तुमचे एकदा मिटले की कीर्तन संपेपर्यंत उघडत नाहीत, हा माझा अनुभव आहे!

मिटले? आता माझ्याबरोबर कल्पना करा. आमचे नाना तबल्यावर बसलेत. मी म्हणतो, "नाना, लय वाढवा." वाढवली. "अजून वाढवा." वाढवली. बोटं तापली, मनगट भरून आलं. आता दोन गोष्टी होऊ शकतात. एक — नाना हात उचलतात आणि म्हणतात, "बुवा, पुरे! आता हात चालत नाही." दुसरी — नाना थांबतच नाहीत. मान डोलावतात, छान हसतात, वाजवत राहतात... आणि मधलीच एक मात्रा गुपचूप खाऊन टाकतात!

नाना, रागावू नका. मी मागच्या एकादशीचं बोलत नाहीये!

उघडा डोळे. आता सांगा — दमून थांबणारा जास्त घात करतो, की न थांबता चुकत राहणारा? लगेच बोलू नका. हात खाली घे रे बाळा, तुझं उत्तर तयार आहे हे मला दिसतंय. आधी गोष्ट ऐका.

मंडळी, कृष्णाकाठी एक गाव आहे. नाव धरा हिंगणवाडी. चौसष्ट घरं. तीन वर्षांपूर्वी तिथे पूर आला, आणि सगळं गाव एकाच वेळी नावेकडे धावलं. ज्यांच्या घरात पाणी शिरायला अजून दिवसभर अवकाश होता तेही धावले, आणि ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं ते मागे राहिले. कोणी दगावलं नाही, देवाची कृपा. पण सरपंच विमलताईंच्या मनाला ते लागलं. त्यांनी ठरवलं — पुलाच्या खांबावरच्या खुणेला पाणी टेकलं की कोणती घरं आधी हलवायची, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. आधी हलायचं त्या घराला गेरूचा लाल पट्टा. थांबलं तरी चालेल त्याला चुन्याचा पांढरा.

पण हे ठरवणार कोण? तर नववीतली एक मुलगी! पद्मजा मगदूम तिचं नाव. शाळेतल्या रणदिवे सरांबरोबर तिनं संगणकावर एक प्रोग्राम केला होता. प्रत्येक घराची उंची, नदीची वळणं, ओढे, सगळं त्यात भरलं. मग संगणकानं काय करायचं? एकेका घरासाठी हजारो प्रकारे पाऊस पाडून बघायचा — असा पडला तर पाणी कुठवर, तसा पडला तर कुठवर — आणि शेवटी त्या घरासमोर लिहायचं, लाल की पांढरा.

काम मोठं. संगणक घरचा, जुना. चौसष्ट घरांचा हिशोब व्हायला अकरा तास लागायचे. आणि त्या दिवसांत गावात वीज सलग किती तास? सकाळी सहा ते दुपारी चार! दहाच तास! चारला वीज गेली की झालेलं सगळं पुसलं, उद्या पुन्हा पहिल्यापासून.

मग गुरुवारी पद्मजानं काय केलं? संगणकाच्या आत एक प्रोसेसर असतो. हिशोब करणारा तोच. त्याला कारखान्यानं एक वेग ठरवून दिलेला असतो. सेटिंगमध्ये शिरून तो वेग वाढवता येतो — त्याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे मघाशी मी नानांना म्हटलं तेच, "लय वाढवा!" तिनं वाढवली. अकरा तासांचं काम नऊ तासांत होणार! आनंदीआनंद!

वीस मिनिटांत पडदा निळा. संगणक बंद.

तिनं कुठेतरी वाचलं होतं की वेग वाढवला तर प्रोसेसरला वीजदाबही थोडा जास्त द्यावा लागतो. तिनं दिला. आता तो बंद पडेना. पण तापला! सत्त्याण्णव अंश! आणि गंमत बघा — फार तापलेला प्रोसेसर स्वतःला जळू देत नाही, आपणहून वेग कमी करतो. म्हणजे पळवायला गेली, आणि तो पहिल्यापेक्षा हळू चालायला लागला! आपल्याकडे नाही का काही आया — परीक्षेच्या आदल्या दिवशी पोराला इतकं बडबडतात की येत होतं तेही विसरतं? हसू नका ताई, मी तुमच्याकडे बघून बोललो नाही!

मग तिनं घरोघरी चालतो तो उपाय केला. संगणकाची पेटी एका बाजूनं उघडी टाकली आणि समोर टेबल फॅन लावला, तीन नंबरवर. उष्णता जराशी उतरली, आणि अंगणातली धूळ सगळी आत!

शुक्रवारी तिचे बाबगोंडाकाका आले. तालुक्याला त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान. दारातच थबकले.

"पोरी, हे काय मांडलंयस? वरात काढायचीय काय ह्याची?"

"काका, तापतोय तो."

"तापतोय म्हणून वारं घालतीस. का तापतोय ते बघितलंस?"

खाली बसले. प्रोसेसरवरचा पंखा सोडवला. त्याला चार पाय असतात, चारही खाली घट्ट बसावे लागतात. एक पाय वर आलेला! म्हणजे पंखा फिरतोय भरपूर, पण प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. आणि त्या दोघांच्या मध्ये एक लेप असतो, उष्णता वर पोचवणारा. तो वाळून खडूसारखा झालेला. काकांनी जुना लेप पुसला, वाटाण्याएवढा नवा लावला, चारही पाय दाबून बसवले, धूळ झटकली. पेटी बंद केली, भिंतीपासून हातभर पुढे ओढली.

"आता वारा पुढनं आत येईल आणि मागनं भाईर जाईल. तुझा टेबल फॅन तुझ्या आज्जीला दे."

चालू केलं. सत्त्याण्णवचे अठ्ठ्याहत्तर! पद्मजानं उडीच मारली.

काका म्हणाले, "थांब. गार झाला म्हणजे बरोबर झाला असं न्हाई. तपासणीचा प्रोग्राम लाव. तो ह्याला अवघड गणितं घालतो आणि उत्तरं पडताळतो. अख्खा दिवस चालू दे. मगच त्याच्यावर भरवसा ठेव."

"हो काका."

काका गेले. तिनं तपासणी लावली... दहा मिनिटं. दहा मिनिटांत काही चुकलं नाही. रविवारी संध्याकाळी ग्रामसभा. शनिवारी सकाळी सहाला खरा हिशोब सुरू करायचा. अख्खा दिवस कुठून आणायचा? तिनं तपासणी बंद केली.

तुम्हीही तेच केलं असतंत. मीही केलं असतं. खोटं कशाला बोला, देवाच्या दारात बसलोय.

शनिवारी नऊ तास संगणक चालला. बंद पडला नाही, तापला नाही, कुरकुरला नाही. यादी आली. बेचाळीस घरं पांढरी, बावीस लाल. विमलताईंनी यादी घेतली आणि उजेड होता तोवर सगळ्या गावात पट्टे मारून घेतले. एकतीस नंबरचं घर आनंदीअक्कांचं. त्यांचे यजमान दत्तोबा अंथरुणाला खिळलेले. त्यांना न्यायचं तर बाजेसकट, चार माणसांनी उचलून. त्या घराला पट्टा आला पांढरा. अक्का शेजारणीला म्हणाल्या, "बरं झालं बाई! ह्यांना घिऊन घाई न्हाई."

आता, रणदिवे सरांची एक शिस्त होती. गणित सुटलं की त्याचा ताळा करायचा. तुम्ही करता की नाही ताळा? वजाबाकी केली की बेरीज करून बघायची, तसं. ताळा नसला की सर वहीत लिहायचे, "हा अंदाज आहे, उत्तर नाही." पद्मजाला ती सवय जडली होती. म्हणून रविवारी सकाळी सहाला तिनं तोच हिशोब तसाच पुन्हा लावला. दुपारी तीनला दुसरी यादी आली.

त्रेसष्ट घरं जुळली. एकतीस नंबरचं जुळलं नाही. काल पांढरा — आज लाल!

मंडळी, गणित तेच, आकडे तेच, संगणक तोच. उत्तरं दोन! कसं काय?

पद्मजानं आकडे तपासले, बरोबर होते. मग तिनं ती अर्धवट सोडलेली तपासणी लावली आणि समोर बसून राहिली. दहा मिनिटं — ठीक. वीस — ठीक. तीस — ठीक. एकोणचाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर एक ओळ आली. हिशोब चुकला.

फक्त एक ओळ. निळा पडदा नाही, आवाज नाही. संगणक चालूच! बेरीज करताना कधीतरी, कोट्यवधींत एकदा, तो हातचा विसरत होता. आणि पुढे जात होता.

तिनं काकांना फोन लावला.

"काका, अठ्ठ्याहत्तरच अंश आहेत. तरी चुकतोय."

"गार हाय, पण त्याला झेपत न्हाई. वेग कमी कर. किती तास लावली होतीस तपासणी?"

पद्मजानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पद्मा?"

"दहा मिनिटं."

काका रागावले नाहीत हो. एवढंच म्हणाले, "बरं. पयल्या वेगावर आण."

"मग एकतीस नंबर तेवढं पुन्हा मोजते. पाच-दहा मिनिटांचं काम आहे."

"एकतीसचं कळलं, कारण तिथं दोन उत्तरं वायली आली. बाकीच्या त्रेसष्ट ठिकाणी चूक न्हाई हे कुणी सांगितलं?"

"पण काका, मूळ वेगावर अकरा तास लागतात! वीज दहाच तास असते!" आणि बोलता बोलता ती थांबली. "...काका, अर्धं गाव एका दिवशी आणि अर्धं दुसऱ्या दिवशी मोजलं तर?"

"हे गुरुवारी का सुचलं न्हाई गं?"

"गुरुवारी वेग वाढवता येत होता ना!"

चारला वीज गेली. पाचला ग्रामसभा.

विमलताई आनंदात होत्या. "आपल्या गावच्या पोरीनं काम केलंय, सगळ्यांनी टाळ्या वाजवा!" लोकांनी वाजवल्या. टाळ्या संपायची वाट बघत पद्मजा उभी राहिली.

"माझी यादी चुकीची असू शकते. मी संगणक झेपेल त्यापेक्षा जोरात पळवला, आणि तपासणी पूर्ण केली नाही. मला चार दिवस द्या. दोन मोजायला, दोन ताळ्याला."

मागून कोणीतरी म्हणालं, "अगं, पट्टे मारून झाले की!"

विमलताई म्हणाल्या, "पोरी, वरचं धरण ऐंशी टक्के भरलंय. आठवड्याभरात पाणी सोडतील. आणि किती घरं चुकलीत?"

"एक नक्की. बाकीचं मला माहीत नाही."

"एकासाठी सगळं परत?"

"ताई, कोणतं एक, तेच तर माहीत नाही."

विमलताईंनी हातातली यादी मिटून ठेवली. मग म्हणाल्या, "चार दिवस. पाचवा न्हाई. आणि त्या पट्ट्यांचं काय?"

इथे मी जरा थांबतो. आता तुमच्याशी बोलतो, माझ्याशीही. आपण सगळे कधी ना कधी झेपेल त्याहून जोरात पळतो. अंग तापलं तर औषध घेतो. पडलो तर चार माणसं उचलायला येतात. तिथे भीती नाही. भीती कुठे? आपण हसतमुखानं चालतोय, बोलतोय, निवाडे देतोय, आणि आतल्या आत एक हातचा विसरलोय. आपल्या शब्दावर कोणीतरी घरात निवांत बसलंय. घरी जाल तेव्हा मनाला एवढंच विचारा — मी शेवटचा ताळा कधी केला? आणि दहा मिनिटं केला, की पुरा केला? मुलांनो, तुम्हाला विचारत नाही. तुमच्या मागे बसलेत त्यांना विचारतोय!

आणि पट्ट्यांचं काय झालं?

पद्मजा सभेतून निघाली ती घरी गेली नाही. हापशावर बादली भरली, काथ्याचा बोळा घेतला आणि एकतीस नंबरच्या दारात उभी राहिली. आनंदीअक्का तांदूळ निवडत होत्या.

"काय गं, भिंत कशाला भिजवतीस? तूच म्हणालीस न्हवं, आमचं घर बरं हाय म्हणून?"

"म्हणाले होते, अक्का. पण मला खात्री नव्हती. अजूनही नाही. कळेपर्यंत आजोबांची बाज आधी उचलायच्यात धरा. मी विमलताईंना सांगितलंय."

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. उठल्या, आतून एक फडकं आणलं, आणि दोघींनी मिळून चुना घासून काढला. पांढरं पाणी उंबऱ्यावरून ओघळून गेलं, खाली नुसती मातीची भिंत राहिली.

मग पद्मजानं बादली उचलली आणि ती बत्तीस नंबरच्या दाराकडे गेली.