जाड कोरड्या केसायसाठी

नाई सत्तारभाऊ, हा नको. हा बारीक केसायचा हाय, पाकिटावरची बाई पाहूनच समजते. मले जाड केसायचा द्या — जाड अन् कोरडे, तेल किती बी घाला, पिऊन घेतात. माह्ये नाई जी, माह्ये काय रायले आता. भाचीचे. आमच्या नागसेनची पोरगी, प्रिया — हे काय तुमच्या बाकड्यावर बसली. प्रिया, काकाले जयभीम कर. — लाजते. अकोल्याची हाय ना, सुट्ट्यायत आली आत्याकडं.

कोंड्याचा? नाई, कोंडा नाई. मले वास काढाचा हाय. सकाळपासून धुऊन रायली मी, साबणानं धुतले, मंग रिठ्यानं, तरी जवळ गेलं की येतेच. बारीक केस असते त केव्हाच निघाला असता, हे जाड केस धरून ठेवतात. म्हून म्हटलं सत्तारभाऊले विचारावं, अख्ख्या मूर्तिजापुरात शाम्पूतलं तुमालेच समजते. महाग असला तरी चालीन — उद्या नागसेन न्यायले येऊन रायला, वयनी बी येऊन रायली, अन् आमची आकांक्षावयनी म्हणजे दारात पाय टाकला की पहिले पोरीचं डोकं हुंगणारी बाई.

कशाचा म्हणजे — तेलाचा. कडू तेलाचा.

उवा झाल्या होत्या जी. आमच्याच घरी झाल्या, शेजारच्या पोरीयसंगं गच्चीवर झोपे. वयनी म्हणीन, चार दिवस आत्याकडं ठेवली त डोकं भरून आणली. मले ते आयकाचं नव्हतं. फणीनं काढून पायल्या, पण एवढ्या दाट केसायत फणीच अटकते, पोरगी रडते. मंग शेजारच्या बुधाजीची मैना म्हणे, आमी त कपाशीवर माराचं औषध लावतो, तेलात थोडंसं, वरून फडकं बांधाचं, सकाळी एक उव जित्ती रायत नाई. अन् खरं हाय, आमच्या लहानपणी मायनं बी — तुमी असे काहून पाहून रायले माह्याकडं. थोडंसंच घातलं. बुचभर. बरं, दोन बुचं, केस जाड म्हून.

झोप येऊन रायली तिले, बाकी काई नाई. ऊन लागलं असन. सकाळी उलटी झाली, ते त पपई खाल्ली होती उपाशीपोटी. लाळ? लाळ झोपेत सगळ्याच लेकरायची गळते भाऊ — एवढी नाई गळत, पण गळते. घाम येऊन रायला म्हून रुमाल देला तिले. नका ना तिचे डोळे उघडून पाहू, चिडते ती. प्रिया, उठ माय, काका शाम्पू दाखवतात, बदामाचा घ्याचा का — प्रिया.

मले भेव वाटून रायलं सत्तारभाऊ. सकाळपासून वाटून रायलं. दवाखान्यात नेलं त डॉक्टर विचारीन कोणी लावलं, बापाले फोन लावा म्हणीन, अन् मंग माहा भाऊ जलमात मले दारात उभी करणार नाई. म्हून म्हटलं, वास गेला की बरी होईन. धुतलं की होते ना बरी — तुमी शटर काहून ओढून रायले, शाम्पू त द्या अगोदर. हो, उचला, तुमीच उचला. अकोल्याले नेता का? नाई, नाई, इथंच सरकारीत, लांब नको.

औषधाचं नाव? बाटलीवर काई लिहेल नव्हतं जी. आमच्या घरधन्यानं मांगच्या हंगामात मोठ्या डब्यातून पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलं होतं. त्यायलेच माईत. अन् त्यायले मी सांगतलं नाई अजून, कोणालेच नाई, तुमीच पहिले. करतो ना फोन. करतो. तुमी मान धरा तिची, खाली पडून रायली.

हॅलो — अहो, कुठं हाय तुमी. आयका. ते कपाशीचं औषध, न्हाणीवरच्या बाटलीतलं, त्याचं नाव सांगा मले. पूरं नाव सांगा. — नाई, फवाराले नाई पाह्यजे.