जुनं कनेक्शन आणि सकपाळबाईंची शंका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संस्थेचे पदाधिकारी, आमच्या मुख्याध्यापिका प्रियदर्शिनी मॅडम, आज ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती, आमच्या वरिष्ठ लिपिक निशिगंधा सकपाळबाई, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि पोलादपूर-महाडाकडून, विशेषतः आमच्या कापडे गावातून भातपेरणीची घाई सोडून आलेले ग्रामस्थ, आपणा सर्वांना मालोजी उतेकर याचा नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या सचोटीचा, शिस्तीचा गौरव केला. तो योग्यच आहे. पण खरं सांगू का? या शाळेत एकतीस वर्षं आम्ही बाईंना एकाच गुणासाठी ओळखलं, आणि तो गुण आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. बाई संशयी आहेत. रजेच्या अर्जावर मी एकदा तारीख घालायला विसरलो, तर त्यांनी तो शिपायाकरवी परत धाडला. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हा भाग निराळा.

संशयी मीही आहे. पण माझ्या आणि बाईंच्या संशयात काय फरक आहे, ते मला गेल्या वर्षी एका इंटरनेटच्या बिलानं शिकवलं. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील.

गेल्या जूनमध्ये आम्ही कापड्याच्या घरचं इंटरनेट बदललं. जुन्या कंपनीचं नेट वारा आला की जायचं. नवी कंपनी आली; ती घ्या म्हणून आग्रह करणारा आणि दोन्ही कंपन्यांची जोडणी करणारा गावचाच माणूस, हर्षद. याच शाळेत शिकलेला, माझा विद्यार्थी. मी शाळेत असताना तो घरी आला, नवीन जोडून गेला. जुना राउटर माझ्या आईनं, बनुबाईनं, त्याच्या हातात दिला. "महाडच्या ऑफिसात जमा करतो, आजी," असं तो म्हणाला. मी मधल्या सुट्टीत जुन्या कंपनीला फोन लावला, "आमचं बंद करा" म्हणालो, पलीकडून "हो सर" आलं. झालं, असं मला वाटलं.

जुलैत जुन्या कंपनीचं बिल आलं. चुकून आलं असेल म्हणून मी सोडून दिलं. ऑगस्टात पुन्हा आलं, आणि त्यात राउटर परत न केल्याचे अडीच हजार जास्त. मग फोन सुरू झाले. ते मला नव्हे, आईला. अर्जात दुसरा नंबर म्हणून मीच तिचा दिला होता. एक माणूस रोज सकाळी तिला सांगायचा, तुमच्या मुलानं पैसे थकवलेत, आता नोटीस येईल.

आईनं मला चार दिवस काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी मी जेवायला बसलो, तर तिनं ताटाशेजारी पोस्टातले पैसे ठेवले.

"मालू, किती देनं हाय तुजं? ह्ये भर आन मोकळा हो. सूनबाईला नाय सांगत मी."

मित्रहो, पन्नाशीच्या शिक्षकावर त्याच्या आईनं संशय घ्यावा! मी शपथा घेतल्या, कागद दाखवले. ती "बरं" म्हणाली, पण तिच्या डोळ्यांतून ते गेलं नाही. मला इतका राग आला, की तो कुणावर तरी काढायलाच हवा होता. आणि माणूस समोर होता.

संशय एकदा आला की साध्या गोष्टीही वेगळ्या दिसू लागतात. हर्षदच्या पडवीत चार-पाच काळे राउटर एकावर एक रचलेले मी जाता-येता पाहिले होते. आधी ते मला त्याचं काम वाटायचं. आता त्यातला एक माझा वाटू लागला. नव्या कंपनीकडे यायचा एवढा आग्रह यानं का केला? आईच्याच हातून राउटर का घेतला, माझ्या का नाही? असल्या प्रश्नांना एकच उत्तर येतं, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं.

गणपतीआधी गावकीची बैठक होती. मुंबईची मंडळीही आली होती. वर्गणीचा विषय संपला आणि मी उठलो. सगळ्यांसमोर विचारलं, "हर्षद, माझा राउटर कुठे विकलास?"

तो उभा राहिला. "सर, मी जमा केलाय. महाडला."

"पावती?"

"व्हती सर. बाइकच्या डिकीत पानी गेलं, भिजून लगदा झाला. ऑफिसात विचारा ना."

"पावती बरी भिजली! राउटर नाही भिजला?"

चार जण हसले. हर्षदची आई, गोदूबाई, बायकांत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. हर्षद निघून गेला. त्या महिन्यात गावातल्या अकरा घरांनी त्याच्याकडची जोडणी सोडली. मला वाटलं, मी गावाला जागं केलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयात मी हा पराक्रम सांगत होतो. बाई पगारपत्रक करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सर, कनेक्शन बंद करायचा अर्ज दिला होतात?"

"फोनवर सांगितलं ना."

"कोणाशी बोललात? कुठल्या तारखेला? त्यांनी विनंतीचा नंबर दिला?"

मी मोबाइल काढून जूनमधले कॉल शोधू लागलो.

"राउटरच्या मागचा नंबर टिपून ठेवलात? फोटो?"

"नाही."

"शेवटचं बिल मागितलंत? काही बाकी नाही असं पत्र?"

"बाई, तुम्ही माझी चौकशी करताय की त्याची?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. "तुमच्याकडे एक कागद नाही, सर. मग त्या मुलाला चोर कशावरून म्हणालात?"

शनिवारी शाळा सुटल्यावर त्याच मला एस.टी.नं महाडला घेऊन गेल्या. जुन्या कंपनीच्या ऑफिसात सेजल नावाची एक मुलगी होती. "सिस्टिममध्ये राउटर आलेला दिसत नाही," असं तिनं तीनदा सांगितलं. बाई म्हणाल्या, "सिस्टिम राहू दे बाळ. माणूस वस्तू आणून देतो तेव्हा तू कशात लिहून घेतेस, ते दाखव." एक जाड वही निघाली. बाईंनी जूनपासून पान पान, बोट फिरवत वाचलं. मला ती वेळ अजून आठवते. आत कुठेतरी मला हवं होतं की माझं नाव सापडू नये.

सापडलं. चौदा जून. मालोजी उतेकर, एक राउटर, खाली हर्षदची सही. पुढे लिहिलेला ग्राहक क्रमांक मात्र सव गावच्या दुसऱ्या एका मालोजी उतेकरांचा. माझा राउटर त्यांच्या नावावर जमा झाला होता! आणि बंद करण्याची विनंती? ती कुठेच नव्हती. फोनवरच्या "हो सर"ची कुणीच नोंद केली नव्हती. म्हणजे अडीच हजार रद्द झाले, पण दोन महिन्यांचं बिल माझ्याच गाफीलपणाचं होतं. ते मी भरलं. बंदचा अर्ज दिला, पोच घेतली, आईचा नंबर काढायला लावला. पंधरा दिवसांनी "काही बाकी नाही" असं पत्र आलं, ते आईला वाचून दाखवलं. तिनं ते पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि तोवर उशाशी ठेवलेले पोस्टातले पैसे त्या दिवशी पेटीत ठेवले.

पण मंडळी, गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर मी आज नुसती स्तुती करून खाली बसलो असतो.

महाडहून आल्यावर संध्याकाळी मी हर्षदच्या घरी गेलो. गोदूबाईंनी पाट दिला, चहा केला. मी हर्षदला म्हणालो, "चुकलं माझं." तो म्हणाला, "सर, घरात येऊन सांगताव, त्ये बरं हाय. पन बोललाव गावकीत. माज्या आयसमोर." मी म्हणालो, पुढच्या बैठकीत सांगतो.

पुढच्या बैठकीला मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या बैठकीला गेलो, आणि वर्गणीवर बोलून आलो. दहा महिने झाले. ज्या माणसाला भर सभेत आरोप करायला दोन मिनिटं लागली नाहीत, त्याला एक वाक्य बोलायला दहा महिने पुरले नाहीत. रस्त्यात हर्षद दिसला की मीच नजर चुकवतो.

मागच्या आठवड्यात मी बाईंना विचारलं, "तुमच्याबद्दल काय बोलू?" त्या म्हणाल्या, "माझ्याबद्दल राहू द्या. गावकीतली बरीच माणसं येणार आहेत."

तेव्हा कापड्याच्या मंडळींनो, ऐका. हर्षदनं राउटर चौदा जूनला जमा केला होता. मी चौकशी न करता त्याला चोर ठरवलं. मी खोटा ठरलो, तो खरा. ज्या अकरा घरांनी माझ्या शब्दावर त्याचं काम सोडलं, त्यांनी तो शब्द आज टाकून द्यावा. गोदूबाई, तुमच्यासमोर बोललो होतो, तुमच्यासमोरच मागे घेतो. हर्षद, तू दाराशी उभा आहेस, मला दिसतोय.

बाई, आपल्या पुढल्या आयुष्यास शाळेच्या वतीनं मनापासून शुभेच्छा. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि वेळेपलीकडे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेनं ते पोटात घालावं. हर्षदनं मात्र माफ करायची घाई करू नये.

नमस्कार.