‘घे’ म्हणेपर्यंत

मी, सगळे मला बारक्या म्हणतात, वय ३४, धंदा मोटार वाइंडिंग, राहणार व्यायामशाळेच्या मागची खोली, समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, सदर खोली माझ्या दाजींची आहे. व्यायामशाळाही त्यांचीच. ताई, म्हणजे दाजींची बायको, माझी सख्खी मोठी बहीण. घशाला मार असल्याने मी हळू बोलतो आहे, पण पूर्ण शुद्धीवर आहे. मला कोणी पढवलेलं नाही. पढवायला आले होते, ते पुढे सांगतो.

बाकावर उताणं झोपून छातीवरून वजनाची दांडी वर ढकलायचा व्यायाम असतो. त्या वेळी डोक्याशी एक माणूस उभा राहतो. दाजींचा नियम असा की, झोपलेला ‘घे’ म्हणाला तरच त्याने दांडी धरायची. त्याआधी बोट जरी लावलं तरी केलेली मेहनत पाण्यात, ते उचलणं धरत नाहीत. शिवाय दांडीच्या दोन्ही टोकांना लॉक घट्ट बसवायचे, कारण पूर्वी एकदा वजनाच्या चकत्या घसरून फरशी फुटली होती. फरशी जपायची, माणसाचं काय ते नंतर बघू.

दांडीला अंगठ्याचा विळखा घालायचा नाही, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हेही दाजींनीच शिकवलं. मी विचारलं, “दाजी, निसटली तर?” ते म्हणाले, “मी काय मेलोय का डोक्याशी?” सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या खोलीत राहतो, हसावंच लागतं.

घटनेच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्या आवाक्याबाहेरचं वजन चढवलं. मी नको म्हणालो. “चारचौघांत माझं नाक कापू नकोस,” असं म्हणाले. पहिल्यांदा दांडी कशीबशी वर गेली. दुसऱ्यांदा घामाने तळहातावरून निसटली आणि थेट गळ्यावर आली. दोन्ही हातांनी जेमतेम पेलून धरली, नाहीतर हा जबाब द्यायला मी उरलोच नसतो. पण ‘घे’ म्हणता येईना. गळ्यावरच लोखंड, शब्द निघणार कुठून? मी पाय झाडले. त्यावर बाकीचे ओरडायला लागले, “शाब्बास बारक्या! सोडू नकोस!” दाजी हाताची घडी घालून वाकून बघत होते. मला त्यांचा चेहरा उलटा दिसत होता. “म्हण की घे,” ते म्हणाले, “म्हण.” मला भयंकर भीती वाटली. चीड त्याहून जास्त आली.

तेवढ्यात ताई दाजींचा चहा घेऊन आली. तिने थर्मास तिथेच टाकला. दाजी म्हणाले, “तू मध्ये पडू नकोस. तो अजून म्हणालेला नाही.” ती म्हणाली, “अहो, मरतोय तो!” आणि तिने जवळच्या टोकाचा लॉक उपसून काढला. त्या बाजूच्या चकत्या धडाधड खाली पडल्या, दांडी दुसरीकडे कलंडली आणि जाता जाता माझ्या तोंडावर आपटली. माझे पुढचे दोन दात पडले. फरशी फुटली. मला श्वास घेता आला.

दाजींनी असं सांगितलं आहे की, वजन व्यवस्थित वर जात होतं, बायकोने अडाणीपणाने लॉक काढला म्हणून मला इजा झाली. हे साफ खोटं आहे. दात तिच्यामुळे पडले एवढंच खरं. त्याबद्दल मी तिच्या पाया पडायला तयार आहे.

काल दवाखान्यात ताई आली. म्हणाली, “ते सांगतात तसंच तूही सांग. माझं नाव घाल. तुझी खोली राहील. आणि मला त्याच घरात दिवस काढायचेत रे.” मी विचारलं, “ताई, तुला खरंच असं हवंय?” ती उशीचा अभ्रा सरळ करत बसली. तिच्या मनगटावर बोटांचे वळ होते. मी विचारलं, तर तिने बाही खाली ओढली.

आत्ता ती इथे चौकीत, बाहेर बाकावर बसली आहे. शेजारी दाजी आहेत, त्यांचा हात तिच्या खांद्यावर आहे. मनगटाची गोष्ट मी सांगितली तेव्हा हवालदारसाहेब म्हणाले, “ती स्वतः काही म्हणत नाही, तोवर आम्ही मध्ये कसं पडायचं?” साहेब, हे मी बाकावर आडवा असताना ऐकलेलं आहे. लिहा, माझी दाजींविरुद्ध तक्रार आहे. माझ्या गळ्याची आहे आणि ताईच्या मनगटाचीही आहे. ती ‘घे’ म्हणेल म्हणून मी हाताची घडी घालून उभा राहणार नाही. खोलीची किल्ली सोबत आणली होती, ती टेबलावर ठेवली आहे.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना बाहेरचं दार उघडं ठेवावं अशी मी विनंती केली, त्याप्रमाणे ते उघडं ठेवलं होतं. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.