एरंडाच्या कुपीबाबत दुसरा जबाब

मी, विनय पद्माकर कुंटे, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी (खासगी प्रयोगशाळेत संशोधक), राहणार नोएडा, मूळ गाव सातारा, समक्ष हजर राहून जबाब देतो की, परवा मी हिंदीत दिलेला जबाब अपुरा आहे. हा मी स्वतःच्या हाताने मराठीत लिहून देत आहे. हिंदीत मला आडोसा फार मिळतो.

आमच्याकडे फुफ्फुसाच्या पातळ कापांवर काम चालते. सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या पेशी ओळखणे सोपे नसते, म्हणून लेक्टिन वापरतात. लेक्टिन हे बियांतून किंवा फळांतून काढलेले प्रथिन असते. ते पेशीवरच्या ठरावीक साखरेला चिकटते. त्याला चमकणारा रंग जोडला की कोणती पेशी उजळली ते दिसते. टोमॅटोचे लेक्टिन असते, तसे एरंडाचेही असते. एरंडाच्या बीत रिसिन हे जहाल विष असते, परंतु आमच्या कुपीत ते नसते. कुपीतले लेक्टिन वेगळे, त्या मानाने फारच सौम्य आणि तेही थेंबभर. हे मला परवाही पक्के माहीत होते.

लुंबिनी शामराव वासनिक माझ्या हाताखाली काम करते. मला विनयदादा म्हणते. टोमॅटोच्या लेक्टिनने उजळलेल्या पेशी म्हणजे हवेच्या पिशव्यांचे अस्तर, असे ठरवून मी शोधनिबंध छापायला पाठवला होता. दिवाळीनंतर स्लाइड बघून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अच्छा दादा, पण तुमचा टोमॅटो शेजारच्या रक्तवाहिन्यांनाही चिकटतो ना? एरंडाचं लावून ताडून बघू, चलो." सगळे हसले, मीही हसलो. अस्तर आणि रक्तवाहिनी एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे तिचा मुद्दा बरोबर होता. मला तो झोंबला.

गेल्या शुक्रवारी प्रयोगशाळेचा फ्रिज बंद पडला. एरंडाच्या लेक्टिनची कुपी थंड ठेवावी लागते. मी लुंबिनीला म्हणालो, "घरी ने, सोमवारी आण." बाहेर न्यायची परवानगी नसते ना, असे तिने मला विचारलेही. "माझी जबाबदारी," असे मी म्हणालो. तिने बर्फ घालून थर्मासमधून कुपी नेली. तिच्यासोबत राहणाऱ्या ऋचा यांनी घरच्या फ्रिजमध्ये ती पाहिली, नेटवर नाव शोधले आणि घाबरून ११२ ला फोन केला. त्यांची काही चूक नाही.

पोलीस लुंबिनीला घेऊन, कुपीसह प्रयोगशाळेत आले. तिनेच त्यांना आणले होते. "विनय सर से पूछ लीजिए, उन्हें सब पता है," असे ती दारातच म्हणाली. अगदी निर्धास्त होती. हे विष आहे का, असे साहेबांनी मला विचारले. मी म्हणालो, हे एरंडाच्या बीतून काढलेले आहे आणि त्या बीत विष असते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. घरी का नेले, असे विचारल्यावर मी म्हणालो, "मला नक्की सांगता येणार नाही." लुंबिनी माझ्याकडे बघत होती. मी बंद फ्रिजकडे बघत होतो.

माझ्यावर कोणाचा दबाव नव्हता. ही गेली तर निबंधाबद्दल विचारणारे कोणी उरणार नाही, असे तेव्हा माझ्या मनात आले. मला त्याची लाज वाटते. तिला अटक झाली व संस्थेने निलंबित केले, तरी मी दोन दिवस घरी बसून राहिलो. आज तिला पुन्हा कोर्टात नेणार असे कळले म्हणून आलो. कुपी माझ्या सांगण्यावरून तिच्या घरी गेली. तिचा यात काहीही दोष नाही.

(पुढील मजकूर वाचन झाल्यावर लिहिला.) पोलीस ठाण्यात मराठी वाचणारे कोणी नव्हते. लुंबिनीचे वडील शामराव वासनिक, सरकारी नोकर, राहणार आर. के. पुरम, दिल्ली, परवापासून बाहेरच्या बाकावर आहेत. साहेबांनी मला विचारून कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी मोठ्याने वाचला व साहेबांना हिंदीत सांगितला. "नक्की सांगता येणार नाही" इथे ते थांबले.

"हे तिच्यासमोर म्हणालात?"

मी हो म्हणालो.

"ती अजून आम्हालाच धीर देतेय. म्हणते, दादा गडबडले असतील, येतील आणि सगळं नीट सांगतील."

मग त्यांनी उरलेला मजकूर शेवटपर्यंत वाचला. मी तो त्यांच्या तोंडून उभ्याने ऐकला. त्यात एकही शब्द चुकीचा नाही.